कंगव्याचा किडा

आमच्या गल्लीत माणसाची किंमत लाईट गेल्यावर ठरायची. लाईट असेपर्यंत सगळे सारखेच, कारण लाईट असेपर्यंत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू, आणि लूम चालू असताना कोण काय बोलतंय आणि कोणाला काय ऐकू येतंय याचा पत्ता कोणाच्या बापाला लागत नसे. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या मागच्या त्या गल्लीत घराला घर लागून आणि शेडाला शेड लागून होतं. भिंतीपलीकडे लूम सुरू झाले की आमच्या वाटीतलं वरण थरथरायचं. मी लहानपणी त्या वरणाकडे बघत जेवायचे; वर बारीक बारीक वर्तुळं उठायची आणि हिंगाची फोडणी आपोआप कडेला जाऊन बसायची. बाहेरगावचा पाहुणा आला की तासाभरात कपाळ धरायचा आणि आम्ही त्याच्याकडे, शहरातली माणसं खेडवळाकडे बघतात तसं बघायचो. घरात सगळे ओरडूनच बोलत. आई मीठ मागायची तर वाटायचं, घराला आग लागली. कुजबूज ही गोष्ट मला लग्न झाल्यावर कळली. नवरा पहिल्यांदा कानाशी लागून काही बोलला तेव्हा मी त्याला खणखणीत आवाजात विचारलं, "घसा बसला का हो तुमचा?" शेजारच्या खोलीत सासू हसली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

तर लाईट गेली की हा सगळा गोंधळ एकदम खाली पडायचा. जड पोतं पडावं तसा. आणि त्या शांततेत, आमच्या ओट्याच्या पायरीखाली, मोरीजवळच्या ओल्या फटीत बसलेला एक रातकिडा सुरू व्हायचा. शेडात सूत तुटू नये म्हणून जमिनीवर सतत पाणी शिंपडलेलं असे आणि सुताला खळ लावलेली असे. ओल आणि खळ, किड्यांना आणखी काय पाहिजे? आमच्या गल्लीतले किडे चांगले खाऊनपिऊन गाणारे होते.

दिवेलागणीला लाईट गेली की शेडातली माणसं अंगावरचा कापूस झटकत आमच्या ओट्यावर येऊन बसत, कारण ओटा अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. लूमचे मालक शेठ, त्यांच्या शेडाचे मिस्त्री. त्यांच्या कानाची ख्याती गावाबाहेरच्या लालबागपर्यंत होती. शेडाच्या दारात उभं राहून, आत न जाता, ते सांगत, "कोपऱ्यातला लूम रडतोय, सूत नेणारा धोटा घासतोय त्याचा." आणि खरंच तसंच निघे. या कानाच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर लोकांचा अपमान केला, आणि एक खेळ काढला. खेळाचं नाव बोट.

खेळ सोपा होता. सगळ्यांनी डोळे मिटायचे. किडा वाजायला लागला की बोट वर, थांबला की बोट खाली. पायरीवर टाच आपटली की किडा गप्प होई, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. पंच आम्ही गल्लीतली पोरं, कारण आमचे कान नवे होते. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाचा आधी बारीक आवाज जातो. लूमचा ढोल ऐकू येतो, माणसाचं ओरडणं ऐकू येतं, पण किडा जातो. ज्याचं बोट चुकलं त्याच्याभोवती आम्ही पोरं नाचायचो, "डब्बा! डब्बा!" मग त्या माणसाने ओट्यावरून उठायचं आणि मोरीच्या बाजूला दगडावर जाऊन बसायचं. कायमचं. त्याला चहा टवके उडालेल्या कपात. त्याला कोणी काही विचारायचं नाही. शेडातही हळूहळू त्याला चांगल्या लूमवरून काढून जुन्यावर घालत, आणि हे अण्णाच करत.

रशीदचाचा असेच डब्बा झाले होते. हाडकुळा, गोड माणूस. हात असा की त्यांच्या कापडात गाठ सापडायची नाही. अण्णांनी त्यांच्यासाठी एक खास करमणूक शोधून काढली होती. त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. चाचा पुढे वाकत, हात कानामागे नेत, "क्या बोले मिस्त्री? ज़रा ज़ोर से." अण्णा आणखी मोठं तोंड उघडून आणखी आवाज न काढता बोलत. चाचांचा चेहरा पांढरा पडे. आपल्याला आता काहीच ऐकू येत नाही असं वाटून ते कानावर तळहाताने मारून घेत. ओटा हसून हसून आडवा. मीही हसायचे. फारच चांगलं करायचे अण्णा ते, त्यांना नाटकात जायला हवं होतं.

आता ऐका. हा अण्णांचा कानही गेला होता, आणि ते पहिल्यांदा आईला कळलं.

एकदा सकाळपासून लाईट नव्हती आणि ज्वारीच्या डब्यामागे किडा शिरला होता. आईने अण्णांना सांगितलं, "अहो, एवढा काढून द्या, सकाळपासून डोकं फिरवलंय त्यानं." अण्णा डब्याशेजारी उकिडवे बसले. किडा त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर जीव तोडून ओरडत होता. अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठी काय आहे? तुझ्याच डोक्यात वाजतं. बापावर गेलीस." आईचे वडील हातमागावरून लूमवर आले आणि लूमवर बहिरे होऊन मेले. अण्णांना त्यांचा विषय फार प्रिय होता.

आईने चुलीकडे तोंड केलं आणि भाकरी थापायला लागली. मला मात्र ती बाजूने दिसत होती. अशी खूश मी तिला माझ्या बारशाच्या फोटोतही पाहिलेली नाही.

तोपर्यंत अण्णा बोटच्या खेळात कसे टिकले होते? एक डोळा किलकिला ठेवून. शेजाऱ्याचं बोट उठलं की यांचं उठे. पण शेजारचे एकेक करून मोरीकडे गेले आणि उरले ते सगळे अण्णांकडेच चोरून बघणारे. एवढ्या मोठ्या माणसाचं बोट चुकेल कसं? अण्णांनी वर केलं की सगळ्यांचं वर. म्हणजे ओट्यावर एकमेकांकडे चोरून बघणाऱ्या बहिऱ्यांची रांग बसलेली, खाली किडा आपल्या मर्जीने गातोय आणि आम्ही पोरं पंच. हे किती दिवस चालणार?

इथे माझ्या शाळेचा संबंध येतो. आई सकाळी माझी वेणी घालायची तेव्हा मी मोठ्याने धडा वाचायचे. लूम अजून सुरू व्हायचे असत. त्या दिवशी धडा कीटकांचा होता. रातकिडा तोंडाने ओरडत नाही, असं पुस्तकात होतं. त्याच्या एका पंखाच्या शिरेवर करवतीसारखे बारीक दात असतात. दुसऱ्या पंखाची कड त्या दातांवरून घासली की आवाज होतो. नाकतोडा पंखावर पाय घासतो. आवाज करतो तो फक्त नर.

"आन् मादी?" आईने विचारलं.

"मादी ऐकते. तिचे कान पुढच्या पायात असतात."

"म्हणजे नर नुसता बोंबलतो, आन् मादीनं कान पायात घालून ऐकून घ्यायचं. हे तं मले शाळेत न जाता ठाऊक होतं." मग तिचा हात माझ्या केसांत थांबला. "दातांवर घासतो म्हणालीस?"

तिने कंगवा वर धरला. काळा, एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. बारीक दातांवरून तिने अंगठ्याचं नख ओढलं. कर्रर्र. पुन्हा, तुकड्यातुकड्याने. कर्र, कर्र, कर्र. बाहेर ओट्यावर अण्णा दाढी करत होते. त्यांनी मान वर केली. "किडा दिवसा बी बोलायला लागला का?" ते म्हणाले.

आईने माझी वेणी इतकी घट्ट आवळली की डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने आवळली होती.

कंगव्याचा आवाज आणि किड्याचा आवाज यांत माणसाने चुकावं असं काहीच नाही. किडा म्हणजे सुईने काचेवर रेघ ओढावी तसा धारदार. कंगवा जाड, भरड, लाकडाच्या फटीत उंदीर असावा तसा. कान शाबूत असलेलं शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याने वर्षानुवर्षं किडा ऐकलेलाच नाही, त्याला कंगवा म्हणजेच किडा. हे आईने एका सकाळीत ओळखलं. पुढचं सगळं नुसतं हाताचं काम होतं.

त्याच संध्याकाळी लाईट गेली. खेळ सुरू झाला. किडा पायरीखाली मनसोक्त वाजत होता आणि अण्णांचं बोट मांडीवर आडवं पडलेलं. शेजारच्या घरातली एक भोचक पोरगी तोंड उघडतच होती, "अण्णा ड..." एवढ्यात ओट्यावरच्या जाळीच्या खिडकीमागून आलं, कर्र, कर्र, कर्र. अण्णांचं बोट झटकन वर. कंगवा थांबला, बोट खाली. पुन्हा कर्र, पुन्हा वर. आणि अण्णांच्या तोंडावर असा प्रकाश पडला की विचारू नका. किती दिवसांनी त्या माणसाने डोळे खरोखर मिटले होते! आम्ही पोरं एकमेकांकडे बघायला लागलो. तेवढ्यात आई मागच्या दाराने आली, हातात मावा जिलबीचं ताट. काळीभोर, पाकात जड झालेली, गरम. "पंचांसाठी," ती म्हणाली. आम्ही तोंडात जिलबी कोंबली आणि पंच म्हणून निकाल दिला. अण्णा पास.

मग सुरू झालं आईचं राज्य. ज्या दिवशी अण्णा घरात नीट वागले त्या दिवशी संध्याकाळी किडा वेळेवर वाजे. ज्या दिवशी भाजीत मीठ जास्त म्हणून ताट सरकवलं, त्या दिवशी जाळीमागे शांतता. अण्णा डोळे मिटून बसलेले, बोट अर्धं वर, अर्धं खाली, आणि आई आत दाण्याचं कूट कुटते आहे. शेवटी, अगदी पोरांच्या ओठांवर 'डब्बा' आला की एकदा कर्र, आणि अण्णा बुडता बुडता वर. कधी ती इतक्या भराभर थांबवायची आणि सुरू करायची की ओट्यावरची सगळी बोटं कठपुतळीसारखी नाचत. अण्णा नंतर जेवताना समजावून सांगत, "किड्याचं हवेवर असतं. पूर्वेचा वारा सुटला का गप बसतो." आई म्हणायची, "असंल. तुम्हाले कळतं त्यातलं." आणि आणखी भाकरी वाढायची.

यात एक घोटाळा झाला, त्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. एका संध्याकाळी मोरीच्या दगडावर बसलेल्या रशीदचाचांनी हळूच बोट वर केलं. मग खाली. मग वर. मग ते उभे राहिले. "मिस्त्री! सुनाई दे रहा है! कसम से, साफ सुनाई दे रहा है!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी. त्यांच्या बायकोने त्याच आठवड्यात लसूण जाळलेलं तेल कानात घालायला सुरुवात केली होती. झालं! दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले सगळे डब्बे लसणाचं तेल घालून येऊ लागले आणि सगळ्यांना किडा ऐकू येऊ लागला. मोरीकडचा दगड रिकामा. ओट्यावर जागा पुरेना. गल्लीभर लसणाचा असा वास की मांजरी गोळा झाल्या. बायका आणि पोरं तेवढी सगळं जाणून. पदर तोंडात कोंबून बायका खिडक्यांत उभ्या राहत. आपापल्या नवऱ्यांना त्यांनी सांगितलं नाही. एकीनेही नाही. जाळीतून आईला नुसती मान डोलवून दाद देत.

हे समजून घ्यायला तुम्हाला बुऱ्हाणपुरात यायला नको. माझा नवरा आता साठीकडे झुकला आहे. आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये संध्याकाळी किडा गातो तो मला स्वच्छ ऐकू येतो, त्याला येत नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. असू द्यावं हाताशी.

आता शेठ. शेठने लालबागच्या रस्त्याला नवं शेड बांधलं. नव्या शेडाला मिस्त्री कोण, हा प्रश्न. मालेगावहून एक जण येऊन बघून गेला होता. अण्णांनी मात्र गल्लीत सांगून टाकलं होतं की शेड आपलंच, हा कान सोडून शेठ जातो कुठे? नव्या शेडाबरोबर राहायला मागे दोन खोल्या आणि नळ होता, म्हणून आईलाही ते हवं होतं. आणि उलट झालं तर? मालेगाववाला आला तर जुन्या शेडावरही त्याचीच माणसं येणार, आणि लूम सोडून अण्णांना जगात काहीही येत नव्हतं. म्हणजे आईचा कंगवा अण्णांना छळू शकत होता, पण बुडवू शकत नव्हता. ती बुडाली असती, मीही.

एका संध्याकाळी शेठ स्वतः आले. पांढरं स्वच्छ धोतर, हातात दराब्याचा, आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, पुडा. ते बसले आणि लाईट गेली. लूम थांबले. सगळे विणकर लसणाच्या वासासकट ओट्यावर जमले. आईने चहा पाठवला. अण्णांनी घोट घेतला आणि शेठसमोर, सगळ्यांसमोर, आत तोंड करून ओरडले, "साखर टाकलीस का फक्त डबा वाजवलास? शेठ, हिला सांगून काही उपयोग नाही. बाप ठार बहिरा होता हिचा. मेला तेव्हा कानात ओरडून सांगावं लागलं, का बाबा, तू मेलास." ओटा हसला. शेठही हसले.

मी आत आईजवळ होते. तिच्या हातात साखरेचा चमचा तसाच राहिला.

"सुना है तेरे ओटे पर कोई खेल होता है," शेठ बाहेर म्हणाले. "हम भी तो देखें."

आता अडचण लक्षात घ्या. शेठचे कान शाबूत होते. त्यांची गादी बाजारात, लूमपासून लांब. ते शेडात येत ते पाच मिनिटांसाठी, तेही कानात अत्तराचा फाया घालून. आईने कंगवा वाजवला तर शेठला कळणार. नाही वाजवला तर अण्णा शेठसमोर डब्बा होणार. आणि आज तर वाजवावं असं अण्णांनी काही ठेवलंच नव्हतं. बाहेर सगळ्यांनी डोळे मिटले. शेठने मिटले नाहीत. पायरीखालचा किडा त्या दिवशी पिसाळल्यासारखा सलग गात होता, क्षणभर थांबत नव्हता. अण्णांचं बोट खाली. सगळ्यांची बोटं खाली. मी आईचा पदर ओढला. "आई, वाजव ना!"

"गप बस," ती म्हणाली. तिने कंगवा उचलला. खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा उचलला आणि अंगठ्याचं नख दातांवर टेकवलं.

कर्र, कर्र, कर्र.

सगळी बोटं वर. अण्णांचं सगळ्यात उंच. आई थांबली, बोटं खाली. किडा आपला चालूच. शेठने एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा जाळीकडे. दराब्याचा एक तुकडा तोंडात टाकला. "वाह. और एक बार," ते म्हणाले. पुन्हा झालं. "और एक बार." पुन्हा. हा माणूस आपल्या मिस्त्रीला आणि आपल्या विणकरांना कितीतरी वेळ वरखाली करत राहिला, दराबा चघळत. मग शेठ उठले, चपला न घालता जाळीशी आले आणि हात पुढे केला.

"भाभी, वो कंघी देना ज़रा."

आईने कंगवा जाळीतून दिला. काय करणार? शेठ अण्णांसमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या नाकापुढे कंगवा धरून नख ओढलं. अण्णांचं बोट वर. "आज लई जवळ आला वाटतं!" अण्णा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, आणि हसले. भोचक पोरगी फुटली. मग सगळी पोरं फुटली. खिडक्यांतल्या बायका फुटल्या. अण्णांनी डोळे उघडले. समोर शेठ, शेठच्या हातात कंगवा, कंगव्यात आईचा एक लांब केस अडकलेला.

रशीदचाचांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी कानातला लसणाच्या तेलाचा बोळा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या जुन्या दगडावर जाऊन बसले. त्यांच्यामागे एकेक करून बाकीचे. दगडावर जागा पुरेना.

अण्णा बसून राहिले. शेठने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि, ऐकू जावं म्हणून, चांगलं ओरडून सांगितलं. सगळ्या गल्लीने ऐकलं. "नया शेड तेरा. मालेगाववाला बहुत सुनता है, साला. ये लूम घिस गया, वो पुर्जा बदलो. मुझे ऐसा ही मिस्त्री चाहिए जिसको कुछ सुनाई ना दे." आणि जाता जाता, कंगवा खिशात टाकत, "और अब तू जाएगा भी कहाँ?"

आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. नळ मिळाला. कंगव्याचं उघड झालं त्या रात्री घरात मारामारी होईल असं मला वाटलं होतं, झाली नाही. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून," आई म्हणाली.

"पूर्वेचा वारा सुटायचा, तेव्हा?"

"वारा कशाचा. त्या दिवशी तुम्ही ताट सरकवलं होतं."

अण्णा बोटांवर काहीतरी आठवत राहिले. कोणत्या संध्याकाळी किडा गप्प होता, त्या दिवशी सकाळी आपण काय बोललो होतो. मी इतका लांब हिशेब करणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

खरी मजा शेठने पुढे सुरू केली. बाहेरगावचे व्यापारी नवं शेड बघायला आले की ते खिशातून कंगवा काढत. लूम बंद करायला लावत. "मिस्त्री, किडा!" आणि नख ओढत. अण्णांनी बोट वर करायचं. डोळे उघडे, समोर कंगवा दिसतोय, तरी बोट वर. व्यापारी हसून लोळत. मग शेठ न वाजवताच नख नुसतं फिरवत आणि विचारत, "अब?" अण्णांना तेही ओळखायचं असे. चुकले की आणखी हशा. घरी अण्णांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं रशीदचाचांनी; तेही नव्या शेडात लूमवर होते. एका दुपारी दारात उभे राहून, खाली बघत, आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार मोठ्या आवाजात ते म्हणाले, "भाभी, हँसी आनी चाहिए थी मुझको. नहीं आई."

आई सुताच्या कांड्या भरत होती. तिने चरखा थांबवला. मला म्हणाली, "चल."

शेठची गादी बाजारात. पांढऱ्या चादरी, लोड, मालाचे नमुने पसरलेले, चार परगावचे व्यापारी टेकून बसलेले, गुलाबी शरबत. गल्लीतली कोणी बाई त्या पायऱ्या कधी चढली नव्हती. आई चढली आणि थेट चादरीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाय धुळीचे.

"क्या हुआ भाभी?" शेठ उठून बसले.

"शेठ, माझा कंगवा. केस विंचरायचे राहिलेत."

शेठ हसले, खिशातून कंगवा काढून दिला. त्यांना वाटलं संपलं. आईने डोक्यावरचा पदर खाली घेतला, अंबाड्याचा काटा उपसला आणि केस मोकळे सोडले. गुडघ्यापर्यंत यायचे तिचे केस, आणि तेलाने चापून बसवलेले. बाजारात, दिवसाउजेडी, परक्या पुरुषांसमोर. व्यापाऱ्यांनी माना फिरवल्या. एकाने डोळ्यांवर हात घेतला. आई विंचरत राहिली. वरून खालपर्यंत, सावकाश, गुंते सोडवत. प्रत्येक वेळी कंगव्यात गुंतलेला पुंजका काढायची आणि शेठच्या पांढऱ्या चादरीवर टाकायची. एक शरबताच्या पेल्यात पडला. एक नमुन्याच्या कापडावर. "भाभी, बस. बस कीजिए," शेठ म्हणत होते. "अरे, कोई इसको..." पण हात कोण लावणार?

"एवढं झालं का जाते," आई म्हणाली. व्यापारी चपला शोधत खाली उतरून गेले.

शेठने अण्णांना काढलं नाही. इतका स्वस्त आणि इतका अडकलेला मिस्त्री त्यांना कुठे मिळणार? पण 'किडा' हा शब्द त्या शेडात पुन्हा उच्चारला गेला नाही.

अण्णा त्या संध्याकाळी घरी आले ते सगळं ऐकूनच. "बाजारात केस सोडलेस?" ते दारातून ओरडले. "त्यापेक्षा मी जन्मभर बोट वर केलं असतं! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

आई नळाखाली कंगवा धूत होती. रिठ्याच्या पाण्याने, एकेक दात. तिने मागे पाहिलं नाही. अण्णा ओरडत राहिले, मग थकले, मग उंबऱ्यावर बसले. लाईट गेली. शेडातले लूम थांबले आणि बाहेर केळीच्या बागांकडून एकदम शेकडो किड्यांनी सूर धरला. नवं घर गावाच्या कडेला होतं. मला कानात बोटं घालावीशी वाटली. अण्णा अंधाराकडे बघत बसले होते, बंद दुकानाकडे बघावं तसे.

"ए," ते म्हणाले. आईला हाक मारायची त्यांची हीच पद्धत. मग थांबले. मग त्यांच्या तोंडून मी कधी न ऐकलेलं आलं. "अहो. तो कंगवा वाजवता का एकदा?"

आई त्यांच्यासमोर येऊन बसली. कंगवा हातात होता. अण्णांनी डोळे मिटले. आईने अंबाडा सोडला, केस एका खांद्यावरून पुढे घेतले आणि विंचरायला लागली, टोकापासून वर, वरून टोकापर्यंत. अण्णा मान किंचित पुढे करून, एक हात कानामागे नेऊन वाट बघत होते. केसांतून जाणारा कंगवा वाजत नाही. तिने सगळे केस विंचरले, अंबाडा घातला, कंगवा कोनाड्यात ठेवला आणि भाकरी टाकायला उठून गेली. अण्णा तसेच बसून होते.